पुस्तक मिटण्याची विद्या

मराठींत दोन क्रियापदें अशीं आहेत कीं, त्यांच्यामध्यें एका टिंबाचें काय तें अंतर. ‘वांचणें’ म्हणजे जीव बचावणें आणि ‘वाचणें’ म्हणजे लिहिलेलें समजून घेणें. पहिल्याचें मूळ संस्कृतांतील ‘वञ्च्’ या धातूंत सांगतात. दुसरें उघडच ‘वच्’ म्हणजे बोलणें याचें अपत्य. १९६२ सालीं शासनमान्य झालेल्या लेखननियमांनीं तें टिंब काढून टाकलें आणि दोन्ही शब्द दिसायला अगदीं एक झाले. वडिलांच्या कपाटांतील जुनीं मासिकें चाळीत मोठा झाल्यामुळें मीं मात्र तें टिंब अजून सोडलेलें नाहीं. त्याची खरी किंमत मला दोन वर्षांपूर्वीं कळली. मी वांचलों, पण मला वाचतां येईना.

हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं रस्त्याच्या कडेनें चालत असतां मागून आलेल्या एका दुचाकीचा धक्का लागला, मी पडलों आणि डोक्याची मागची बाजू फरशीच्या काठावर आपटली. रक्त आलें नाहीं. मिनिट-दोन मिनिटें आपण कोठें आहोंत हें उमगलें नाहीं, एवढेंच. इस्पितळांत डोक्याचें सी. टी. स्कॅन केलें, त्यांत कसलाहि दोष आढळला नाहीं. डॉक्टर म्हणाले, ‘‘कवटी शाबूत आहे, रक्तस्राव नाहीं. मेंदूला हादरा बसला आहे. आम्ही याला कंकशन म्हणतों.’’ घरच्या मंडळींनीं देवापुढें साखर ठेवली आणि मला वाटलें, प्रकरण संपलें.

चौथ्या दिवशीं वर्तमानपत्र हातांत घेतलें. मथळा वाचला, त्याखालचीं दोन वाक्यें वाचलीं. तिसऱ्या वाक्यापाशीं अक्षरें हलूं लागलीं. विहिरींतल्या पाण्यावर पडलेली सावली वाऱ्यानें हलावी तशीं तीं हललीं, आणि एका ओळीच्या शेवटाहून दुसऱ्या ओळीच्या आरंभीं यावें तर डोळे भलत्याच ओळीवर उतरूं लागले. जी ओळ वाचली तीच पुन्हां समोर येई. नाहीं तर मधली एखादी ओळ नाहींशीच होई. वाक्याच्या शेवटीं पोहोंचावें तों त्याचा कर्ता स्मृतींतून निसटलेला असे. पांच मिनिटांत कपाळाच्या मागें ठणका सुरू झाला आणि तो दुपारपर्यंत राहिला. अक्षरओळख गेली नव्हती; अर्थ कळत नव्हता असेंहि नाहीं. एक एक शब्द सुटा ठेवला तर मी तो सहज वाचीत असें. ज्या धाग्यानें शब्द ओवले जातात तो धागाच तुटला होता.

या दुखण्याची एक मोठी अडचण अशी कीं, तें कोणाला दिसत नाहीं. हात मोडला असता तर गळ्यांत झोळी असती. भेटायला येणाऱ्यांनीं दोन शब्द सहानुभूतीचे काढले असते. माझ्या डोक्याला पट्टी नव्हती, बोलणें नीट होतें, चालणें नीट होतें. कोणी म्हणे, चष्म्याचा नंबर बदलला असेल. कोणी म्हणे, वयच झालें आहे. एक स्नेही तर हंसून म्हणाले, ‘‘प्राध्यापकांना वाचनाचा कंटाळा यायचाच!’’ त्यांचा तरी काय दोष? जें स्कॅनमध्येंहि दिसलें नाहीं तें त्यांना कोठून दिसणार?

पुढें डॉक्टरांनींच तें समजावून दिलें. मेंदू कवटींत घट्ट बसवलेला नसतो. डोकें एकदम थांबलें कीं तो आंतल्या आंत हलतो, त्याचे तंतू ताणले जातात, आणि पेशींचा रसायनांचा व शक्तीचा जमाखर्च कांहीं काळ विस्कटतो. साधें स्कॅन रक्तस्राव दाखवितें, मोडतोड दाखवितें. जमाखर्च दाखवीत नाहीं. बहुतेक प्रौढ माणसें कांहीं आठवड्यांत बरीं होतात. थोड्यांची तक्रार महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि त्या थोड्यांत माझी गणना झाली होती.

पण सर्व सोडून वाचनावरच ही आपत्ति कां यावी? या प्रश्नाच्या पाठीमागें लागलों तेव्हां एका फ्रेंच डोळ्यांच्या वैद्याची ओळख झाली. त्याचें नांव लुई एमील जावाल; जन्म १८३९, मृत्यु १९०७. वाचतांना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते असा आपणां सर्वांचा समज असतो. १८७९ च्या सुमारास जावालच्या प्रयोगशाळेंत असें ध्यानांत आलें कीं, नजर वाहत नाहीं, ती उड्या मारते. एका ठिकाणीं सुमारें पाव सेकंद थांबते, मग झटक्यानें पुढें जाते, पुन्हां थांबते. या झटक्याला फ्रेंचमध्यें ‘सकाद’ म्हणतात; घोडेस्वार लगामाला जो हिसका देतो त्याचेंच हें नांव. उडीच्या त्या क्षणीं आपणांस जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. सेकंदाला तीन-चार अशा उड्या, आणि ओळ संपली कीं पानाची सारी रुंदी ओलांडून परत येण्याची एक लांब उडी! शिवाय दोन्ही डोळ्यांना नाकाकडे वळून एकाच अक्षरावर एकत्र राहावें लागतें. कंकशननंतर हें एकत्र राहणें पुष्कळांना जमेनासें होतें आणि उड्यांचे नेम चुकूं लागतात. रस्त्यानें जातांना, जेवतांना, माणसाशीं बोलतांना हा नेम इतका नेमका लागत नाहीं. तो लागतो छापील पानावर. म्हणून चालतां-बोलतां धडधाकट दिसणारा मनुष्य पुस्तकापुढें बसतांच पंगु होतो.

आपल्या देवनागरीची गोष्ट आणखी निराळी. तिच्यांत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायाशीं उकार, पोटांत जोडाक्षर. शिरोरेषेला अक्षरें टांगलेलीं असतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखीं. त्या दिवसांत मला ती दोरीच डुलतांना दिसे. इंग्रजींतील पानहि काहीं फार दयाळू नव्हतें. पण ज्या लिपींत मीं ‘ग’ गिरविला ती लिपी अनोळखी वागूं लागली याचें दुःख अधिक होतें.

येथें जावालचा शेवट सांगावासा वाटतो. नजर कशी वाचते याचा ज्यानें शोध घेतला, त्याची स्वतःचीच नजर काचबिंदूनें गेली. १९०० च्या सुमारास तो पूर्ण अंध झाला. मग त्यानें काय केलें? प्रौढ वयांत अंधत्व आलेल्या माणसांनीं लिहावें कसें, फिरावें कसें, दिवस कसा घालवावा, याविषयीं एक पुस्तकच रचलें. तें १९०३ सालीं प्रसिद्ध झालें. ही हकीकत मीं वाचली नाहीं. ती मला वाचून दाखविण्यांत आली. त्याचें श्रेय माझ्या मुलीला, आणि तिच्याविषयीं पुढें सांगणारच आहें.

जो मनुष्य इंग्रजी वाङ्मय शिकवून पोट भरतो त्याला वाचतां येईनासें झालें तर त्याच्यापाशीं उरतें काय? हा प्रश्न रात्रीं निजतांना माझ्या उशाशीं येऊन बसे. निवृत्तीला कांहीं वर्षें उरलीं होतीं, मुलीचें शिक्षण चालू होतें. पण पगाराच्या काळजीहून निराळी अशी आणखी एक भीति होती आणि ती अधिक खोल होती. मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या माझ्यासारख्याला आपण कोणी आहोंत असें जें वाटतें तें बहुतांशीं पुस्तकांच्या जोरावर. आमच्या वाडवडिलांनीं जमीनजुमला ठेवला नाहीं. भिंतीला लावलेलीं चार कपाटें ठेवलीं. त्या कपाटांना आतां कुलूप लागलें होतें आणि किल्ली माझ्याच डोक्यांत कोठें तरी हरवली होती.

दीड महिन्याच्या रजेनंतर मी वर्गावर गेलों. चार्ल्स लॅम्बचा एक निबंध शिकवायचा होता. निबंध मला जवळजवळ पाठ. तरी शिरस्त्याप्रमाणें पुस्तक उघडून मोठ्यानें वाचूं लागलों. दुसऱ्या परिच्छेदांत एकच ओळ मीं दोनदां वाचली. मग तिसऱ्यांदां. वर्गांत कोणी हंसलें नाहीं आणि तें न हंसणेंच मला असह्य झालें. तेवढ्यांत पहिल्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, मी वाचूं का?’’ मीं पुस्तक तिच्या हातीं दिलें. तिचे उच्चार आमच्या विदर्भाच्या मातींतले होते. लॅम्बनें ते ऐकले असते तर तोहि चकित झाला असता. पण मी खुर्चीवर बसून ऐकत राहिलों आणि ध्यानांत आलें कीं, गेल्या सव्वीस वर्षांत हा निबंध मीं कधीं ऐकलाच नव्हता. त्या दिवसापासून माझ्या वर्गांत विद्यार्थी पाळीपाळीनें वाचतात आणि मी समजावून सांगतों.

डॉक्टरांचा उपचार ऐकायला अगदीं साधा होता. पूर्वीं अशा रोग्याला अंधाऱ्या खोलींत दिवसेंदिवस पडून राहायला सांगत. आतां तसें सांगत नाहींत. खेळाडूंच्या कंकशनविषयीं २०२२ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें तज्ज्ञांची परिषद भरली होती; तिच्यानंतर प्रसिद्ध झालेल्या मसुद्यांतहि हेंच आहे कीं, पहिले एक-दोन दिवस विसांवा घ्यावा आणि मग बेताबेतानें कामाला लागावें. त्रास किंचित् वाढला तर चिंता नाहीं; अधिक वाढूं लागला कीं थांबावें. मला जें सांगण्यांत आलें तें या धर्तीचें होतें. एका जाड पुठ्ठ्याला एक ओळ दिसेल एवढी खांच पाडून तो पानावर ठेवायचा. मोठ्या टाइपाचें पुस्तक घ्यायचें. सरकत्या पडद्यावरचें वाचन तूर्त बंद. पेन्सिलीचें टोंक नाकाजवळ आणीत दोन्ही डोळ्यांना तिच्यावर एकत्र ठेवण्याचा व्यायाम करायचा. आणि घड्याळ लावून सहा मिनिटें वाचायचें. घंटा वाजली कीं पुस्तक मिटायचें. ‘‘डोकें दुखूं लागलें कीं मिटायचें?’’ मीं विचारलें. ‘‘नाहीं,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘दुखायला लागण्यापूर्वींच. अंगांत थोडी शक्ति शिल्लक असतांना.’’

पुठ्ठा जमला, पेन्सिल जमली, पण हें शेवटचें जमेना. विचार करतां त्याचें कारणहि सांपडलें. पुस्तक उघडण्याचें शिक्षण आम्हांला लहानपणापासून मिळतें. मिटण्याचें कोणीच देत नाहीं. ‘हातांतून खालीं ठेववत नाहीं’ ही आमच्या अभिरुचींत पुस्तकाची सर्वांत मोठी स्तुति. एका बैठकींत कादंबरी संपविली, रात्रभर जागून वाचलें, डोळे लाल होईपर्यंत वाचलें, या गोष्टी आम्ही पराक्रमासारख्या सांगतों. मल्लाला आखाड्यांत दम कधीं राखावा हें वस्ताद शिकवितो. गवयाला श्वास कोठें घ्यावा हें गुरु सांगतो. वाचकाला मात्र वस्ताद नाहीं. आपला दम किती याची त्याला आयुष्यभर गरजच पडलेली नसते. सहाव्या मिनिटाला घंटा वाजे तेव्हां वाक्य अर्धें असे, आणि अर्धें वाक्य सोडून उठणें हें मला भरल्या ताटावरून उठण्यासारखें अभद्र वाटे.

डिसेंबरांत सौभाग्यवतीनें फर्मान काढलें कीं, चार दिवस बाहेर जायचें. माझा एक जुना विद्यार्थी गोंदिया जिल्ह्यांत शिक्षक आहे. त्यानें नागझिऱ्याचें सुचविलें. मोटारीच्या लांब प्रवासानें अजून गरगरल्यासारखें होई, म्हणून आम्ही नागपुराहून आगगाडीनें तिरोड्याला उतरलों आणि तेथून चोरखमाऱ्याच्या बाजूला जंगलाच्या कडेच्या एका साध्या निवासांत मुक्काम केला. भाताचीं कापणी झालेलीं बांधणें उघडीं पडलीं होतीं. शेतांशेतांतून धानाचे पुंजणे उभे होते. पहांटे त्यांच्यावर धुकें असे.

नागझिऱ्याचें नांव मराठी वाचकाला नवें नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांनीं या जंगलांत राहून त्याच्याच नांवाचें पुस्तक लिहिलें. नागझिरा आणि नवेगांव या बाजूच्या रानांचें वेड मारुती चितमपल्ली यांनीं आपल्या लेखनानें दोन पिढ्यांना लावलें. १९७० सालीं तें अभयारण्य झालें, तेव्हां त्याचें क्षेत्र सुमारें १५३ चौरस किलोमीटर होतें आणि तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ सालीं. पुढें २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. माडगूळकरांचें तें पुस्तक मीं पूर्वीं एका दुपारीं वाचून संपविलें होतें. या खेपेस तें बरोबर घेतलें तेव्हां माझी मजल नऊ मिनिटांपर्यंत आली होती. चार दिवसांत मिळून किती पानें होणार याचा हिशेब मनांत करून मी थोडा खिन्नच झालों होतों.

जंगलानें मला बरें केलें असें मी मुळींच म्हणणार नाहीं. निसर्गाच्या कुशींत गेलें कीं सारीं दुखणीं पळतात, हें लिहायला सोपें असतें. उलट पहिल्या दिवशीं उघड्या जीपच्या धक्क्यांनीं माझें डोकें चांगलेंच दुखलें. दुसऱ्या दिवशीं मी फिरायला गेलोंच नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं जें पाहिलें तें सांगण्यासारखें आहे.

आमच्याबरोबर वाट दाखविण्यासाठीं जवळच्या खेड्यांतला एक तरुण होता. धुळीच्या रस्त्यावर त्यानें गाडी थांबवावयास लावली आणि खालीं न उतरतां नुसतें बोट दाखविलें. वाघाच्या पावलांचा माग होता. सकाळीं गेलेल्या गाडीच्या चाकाची खूण खालीं आणि पाऊल तिच्यावर. म्हणजे गाडी गेल्यानंतर वाघ गेला. एका पावलावरून मात्र कोणता तरी किडा आपली बारीक नक्षी काढून गेला होता. म्हणजे अगदीं आतांचाहि नाहीं. हें सारें तो पोरगा हलक्या आवाजांत, एका वेळीं एक वाक्य, असें सांगत होता. त्याच्या नजरेचें मला नवल वाटलें. ती कशावरहि रोंखलेली नव्हती. ऐन, धावडा, तेंदू, बांबू यांच्यावरून ती सैल फिरे, आणि जेथें कांहीं निराळें असेल तेथें आपोआप थांबे. तिला ओळ नव्हती, आरंभ नव्हता, समास नव्हता. हेंहि वाचनच, पण ओळीचा जाच नसलेलें. त्या तासाभरांत माझें डोकें दुखलें नाहीं याचें कारण मग डॉक्टरांना विचारलें. ते म्हणाले, ‘‘दूर पाहतांना डोळ्यांना एकत्र वळावें लागत नाहीं आणि नेमक्या उड्याहि माराव्या लागत नाहींत. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं.’’

चमत्कार नव्हताच. मला जें मिळालें तें दुसरेंच होतें आणि तें परतीच्या वेळीं मिळालें. संध्याकाळीं ठराविक वेळेच्या आंत सर्व गाड्यांनीं दाराबाहेर पडावें असा तेथें नियम आहे. ती वेळ होत आली होती. तळ्याच्या पलीकडून सांबराचा इशारा ऐकूं आला. एकदां, मग पुन्हां. थोड्या वेळानें चितळहि ओरडलें. सर्वांचे श्वास थांबले. वाघ जवळ होता, चालत होता, कदाचित् याच रस्त्याला येत होता. त्या तरुणानें कान टवकारून ऐकलें, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलें आणि चालकाला खूण केली. गाडी वळली. मागच्या बांकावरचे एक गृहस्थ विनवूं लागले, ‘‘अहो, पांच मिनिटें! आतां निघेल तो.’’ पोरगा शांतपणें म्हणाला, ‘‘आता निघाचं, साहेब. जंगल कुठं पळून जाते?’’

त्याच्या बोलण्यांत नाइलाज नव्हता, हळहळ नव्हती. ज्याचें रोजचें आयुष्य त्या रानांत जातें त्याला अर्धें राहिलेलें रान अपुरें वाटत नाहीं. आम्ही प्रवासी एका फेरींत सारें जंगल वसूल करायला आलों होतों. तो उद्यां पुन्हां येणार होता. मला माझी सहा मिनिटांची घंटा आठवली. अर्धें वाक्य सोडून उठतांना मला जें अभद्र वाटे तें पुस्तकाचें प्रेम नव्हेच. ती प्रवाशाची हांव होती. पुस्तक कोठें पळून जाणार होतें? माडगूळकरांचें रान तर कपाटांत होतेंच.

त्या रात्रीं नऊ मिनिटें वाचलीं आणि परिच्छेदाच्या मध्यावर पुस्तक मिटलें. कंदिलाच्या उजेडांत बसून, मिटल्या पुस्तकावर हात ठेवून, वाचलेलें मनांत फिरवीत राहिलों. पूर्वीं एका दुपारीं हेंच पुस्तक संपविलें होतें खरें. पण त्या दुपारचें फारसें कांहीं आठवत नव्हतें. या नऊ मिनिटांतलें मात्र सकाळीं जसेंच्या तसें जागेवर होतें.

घरीं आल्यावर दुसरी एक व्यवस्था रूढ झाली. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मुलगी मला अर्धा तास वाचून दाखविते. आरंभीं मला याचा संकोच वाटे. बापानें लेकीला वाचून दाखवावें ही रीत. तिनें ती उलटविली होती. एकदां तसें बोलून दाखवितांच ती म्हणाली, ‘‘बाबा, आजी तुमच्याकडून पोथी वाचून घेत होती, तेव्हां तिला कुठें संकोच वाटत होता?’’ खरेंच. आपल्या घरांत वाचणें म्हणजे मोठ्यानें वाचणें हाच अर्थ कित्येक शतकें होता. चातुर्मासांत एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें. एकट्यानें, मुक्यानें, कोपऱ्यांत बसून वाचणें ही अलीकडची चैन. ‘वच्’ धातूचा खरा वारसा त्या पोथीपाशींच होता.

आमच्या विदर्भांत याचें एक थोर उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यांत १८८१ सालीं जन्मलेले गुलाबराव महाराज नऊ-दहा महिन्यांचेहि नसतांना अंध झाले. जन्मभर त्यांनीं एक अक्षर डोळ्यांनीं वाचलें नाहीं. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घ्यावे, ऐकून ध्यानांत ठेवावे आणि स्वतःचे ग्रंथ दुसऱ्यांना सांगून लिहवावे, असा त्यांचा क्रम. १९१५ सालीं ते गेले तेव्हां वय अवघें चौतीस. आणि ग्रंथसंख्या शंभराच्या वर! त्यांच्या अलौकिक बुद्धीशीं माझ्या दुखण्याची तुलना करण्याचें धाडस मी करणार नाहीं. पण ज्यांनीं त्यांना वाचून दाखविलें त्यांचा विचार माझ्या मनांत वारंवार येतो. त्यांच्या आवाजावांचून ते ग्रंथ झाले नसते.

मुलीनें वाचून दाखविलेल्या पुस्तकांत कॅनडांतील कादंबरीकार हॉवर्ड एंगल याचें आत्मकथनहि होतें. २००१ सालच्या एका सकाळीं दाराशीं आलेलें वर्तमानपत्र त्याला कोणत्या तरी परक्या लिपींत छापल्यासारखें दिसलें. पक्षाघाताच्या एका सूक्ष्म झटक्यानें त्याची वाचण्याची शक्ति गेली होती. लिहिण्याची मात्र शाबूत होती. स्वतः लिहिलेलें स्वतःलाच वाचतां येऊं नये, असा तो विलक्षण प्रकार. त्याचें दुखणें माझ्याहून फार भारी. तो एक एक अक्षर सोडवीत, तोंडांतल्या तोंडांत जिभेनें अक्षरांचे आकार गिरवीत पुन्हां वाचूं लागला आणि त्यानें आणखी कादंबऱ्याहि लिहिल्या. डोळ्यांची वाट बंद झाली तर मेंदू जिभेकडून वाट काढतो! हें ऐकलें त्या रात्रीं माझ्या पुठ्ठ्याच्या खांचेची मला लाज वाटेनाशी झाली.

आज माझी मजल चाळीस मिनिटांची आहे, आणि दिवसांतून तीनदां. बारीक टाइप अजून सोसत नाहीं; तळटीपांना मीं रामराम ठोकला आहे. पडद्यावर वर-खालीं धांवणारी अक्षरें दहा मिनिटांत डोकें उठवितात. पूर्वींसारखें वाचतां येईल का, असें डॉक्टरांना विचारणें मीं सोडून दिलें आहे. येईलहि, न येईलहि. वर्षाला जीं साठ-सत्तर पुस्तकें सहज होत तीं आतां पंधरा-सोळा होतात, आणि कांहीं पुस्तकें आतां माझ्याच्यानें व्हावयाचीं नाहींत हें मीं मान्य केलें आहे. तें दुःख खरें आहे. त्याला कसलाहि मुलामा देण्याची मला इच्छा नाहीं.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रसंग आला तर दोन गोष्टी सांगून ठेवतों. डोक्याला मार लागल्यावर डोकेंदुखी वाढत चालली, वांत्या होऊं लागल्या, गुंगी येऊं लागली, तर क्षणाचाहि विलंब न करतां इस्पितळ गांठावें. तेथें धीर धरण्यांत शहाणपण नाहीं. आणि तें संकट टळल्यानंतर घरांतला मुलगा किंवा गृहिणी किंवा म्हातारा ‘अक्षरें हलतात’ असें म्हणूं लागला, तर त्यावर विश्वास ठेवावा. परीक्षा जवळ आली आहे म्हणून त्याला पुस्तकावर रेटूं नये. आणि पुस्तक कायमचें हिरावूनहि घेऊं नये. सहा मिनिटें द्यावीं, आणि सातव्या मिनिटाला कोणी तरी जवळ बसून पुढचें वाचून दाखवावें.

परवां वर्गांत एका विद्यार्थ्यानें तास संपल्याची घंटा होतांच वाचतां वाचतां मान वर केली. वाक्य अर्धें होतें. ‘‘एवढें संपवूं का, सर?’’ त्यानें विचारलें. मीं म्हटलें, ‘‘नको, येथेंच खूण घाल.’’ पोरांना तें विचित्र वाटलें असावें. त्यांना वेळ पुष्कळ आहे. दम अमाप आहे. पण वह्या आवरतां आवरतां दोघे-तिघे त्या अर्ध्या वाक्याचा शेवट काय असेल याविषयीं वाद घालीत बाहेर पडले, आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकूं येत राहिला.